78 पर्सेंटाइल, घरात शिकणारी मी पहिलीच: इंजिनिअरिंगला कुठं नंबर लागेल?

तेरणाकाठ

नमस्कार. इथं पहिल्यांदाच लिहितेय. मी औसा तालुक्यातली, जिल्हा लातूर. यंदा बारावी सायन्स झाले, 71 टक्के. सीईटीला (राज्याची प्रवेश परीक्षा) पीसीएममध्ये, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-गणितात, 78.3 पर्सेंटाइल आले. कॅटेगरी ओबीसी. वडील मोंढ्यात हमाली करतात, आई रोजानं शेतात जाते. दीड एकर कोरडवाहू आहे. वडील तिसरी शिकलेत, आई शाळेत गेलेली नाही. मोठा भाऊ दहावी करून चाकणला ठेकेदाराकडं कामाला आहे. बारावीच्या पुढं जाणारी घरात मीच पहिली, भावकीतल्या मुलींमध्येही मीच.

लातूर पॅटर्नचं नाव सगळ्या राज्यात आहे, पण तिथल्या क्लासची फी आणि खोलीचं भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं. ज्युनिअर कॉलेजला गणिताचे सर निम्मं वर्ष नव्हते. यूट्यूबवर बघून आणि भावाने पाठवलेल्या जुन्या पुस्तकांवर अभ्यास केला. फिजिक्स-केमिस्ट्री बरं गेलं, गणितात मार्क गेले.

मला कॉम्प्युटर नाहीतर ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) करायचंय. पुण्यातल्या कॉलेजांचे मागच्या वर्षीचे कटऑफ बघितले, कॉम्प्युटरला माझ्या आवाक्यातलं काही दिसेना. इथं एक काउन्सेलिंगवाले आहेत. ते म्हणतात, 15,000 द्या, सगळा फॉर्म आम्ही भरतो, आणि कॅपमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांत, नाहीच लागलं तर पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून बसवून देतो, मुलींना सरकारने फी माफ केलीच आहे. वडील आडत्याकडून उचल घ्यायला तयार झालेत.

खरंच माझा नंबर कुठं लागेल का? का एक वर्ष थांबून परत सीईटी द्यावी? घरात हे कुणाला विचारावं असं कुणी नाही, म्हणून इथं विचारतेय.

रानवारा

ताई, आधी अभिनंदन. क्लास न लावता, गणिताला शिक्षक नसताना 78 म्हणजे तुझ्यात दम आहे. म्हणूनच सांगतो, एक वर्ष थांब. गणिताला 50 प्रश्न आणि प्रत्येकी 2 गुण, म्हणजे 200 पैकी 100 गुण एकट्या गणिताचे. तिथेच तुझे गेलेत. एक विषय सुधारला की 90 च्या पुढे जाशील. निगेटिव्ह मार्किंगही नाही. माझ्या मावसभावाने असंच केलं आणि आज तो चांगल्या सरकारी कॉलेजात आहे.

सुलभा_प

तेरणाकाठ, पैसे देऊ नकोस. वडिलांना उचल घेऊ देऊ नकोस. बाकीचं सगळं नंतर.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि प्रवेशाच्या काळात आमच्या सुविधा केंद्रावर कागद तपासायला बसते. तुझ्यासारख्या मुली दरवर्षी समोर येतात, त्यामुळे जे सांगते आहे ते रोजच्या कामातलं आहे.

पहिली गोष्ट, त्या माणसाने तुला जे सांगितलं ते खोटं आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ झालं. पण ते कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींनाच. मॅनेजमेंटच्या जागेवर बसलीस तर पूर्ण फी भरावी लागेल, चारही वर्षं. खासगी आणि अभिमत विद्यापीठांनाही ही माफी लागू नाही. ‘पुण्यात बसवून देतो’ म्हणणारे बहुतेक वेळा अशाच ठिकाणी नेतात. पहिल्या वर्षी उचल, दुसऱ्या वर्षी दीड एकर, आणि तिसऱ्या वर्षी मुलगी घरी, हे मी पाहिलेलं आहे.

दुसरी गोष्ट, नंबर लागेल का हा तुझा प्रश्नच नाही. राज्यात इंजिनिअरिंगच्या जागा पावणेदोन लाखांच्या वर आहेत आणि दरवर्षी हजारो रिकाम्या राहतात. बारावीला पीसीएममध्ये ओपनला 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के लागतात, ते तुला आहेत. प्रश्न कुठे, कोणत्या शाखेला आणि किती खर्चात एवढाच आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कटऑफच्या यादीत तू कोणता रकाना बघितलास? जीओपीईएनएच (GOPENH) बघितला असशील तर तो तुझा नाही. त्या कोडचं पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधलं प्रवर्गाचं. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठातले, एस असेल तर राज्यस्तर. तुझी बारावी लातूर जिल्ह्यातली, म्हणजे तुझं होम विद्यापीठ नांदेडचं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पुण्यातल्या संलग्न कॉलेजांमध्ये 70 टक्के जागा पुण्याच्या होमवाल्यांच्या, तू उरलेल्या 30 टक्क्यांत. उलट लातूर-नांदेडच्या कॉलेजांत तू होमवाली आहेस. तेव्हा पुण्यासाठी एल-ओबीसी-ओ बघ, नांदेड-लातूरसाठी एल-ओबीसी-एच, आणि ज्या स्वायत्त सरकारी संस्थांत राज्यस्तरावर जागा आहेत तिथे एल-ओबीसी-एस. मग आकडे वेगळे दिसतील. कॉम्प्युटरला अजूनही जड जाईल, हे मी लपवत नाही. पण ईअँडटीसी, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल यांच्या ओळी नीट वाच.

तेरणाकाठ

मॅडम, मी जीओपीईएनएचच बघितला होता. यादीत सगळ्यात वर तोच होता. आत्ता परत उघडून बघितलं. नांदेडच्या एका कॉलेजला एल-ओबीसी-एचला ईअँडटीसी माझ्या खाली गेलंय. खूप बरं वाटलं.

वडिलांना सांगितलं की पैसे द्यायचे नाहीत. ते म्हणाले, लिहून घे कुणी सांगितलं ते.

पुणे_आयटी

थोडं परखड लिहितो, राग मानू नकोस. मी गेली बरीच वर्षं कंपनीत मुलाखती घेतो. 78 वर मिळणाऱ्या बऱ्याच कॉलेजांमध्ये कॅम्पसला फार कंपन्या येत नाहीत. चार वर्षं, हॉस्टेल, मेस, पुस्तकं, आणि शेवटी 15,000 ची नोकरी, हे मी पाहतो आहे. बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स तीन वर्षांत होतं, खर्च कमी, आणि हुशार पोरगी त्यातूनही वर येते. इंजिनिअरिंगच्या नावाला भुलू नये.

डिप्लोमावाला

पुणे_आयटी यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, पण एक गोष्ट त्यांच्या हिशोबात नाही. ओबीसी मुलीला इंजिनिअरिंगची ट्यूशन फी माफ आहे. त्यामुळे ‘स्वस्त’ बीएस्सी आणि ‘महाग’ इंजिनिअरिंग ही तुलना तिच्या बाबतीत टिकत नाही. राहण्या-जेवणाचा खर्च दोन्हीकडे तोच. राहिली नोकरी. महावितरण, महापारेषण, जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, रेल्वे, सगळीकडे अभियंत्यांच्या भरतीला पदविका किंवा पदवी मागतात. मुलाखती घेणाऱ्या कंपन्या म्हणजेच नोकऱ्या असं नाही.

आणखी एक रस्ता सांगतो जो कुणी सांगत नाही. बारावी सायन्सनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दोन वर्षांत डिप्लोमा, मग डिप्लोमाच्या गुणांवर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. सीईटी परत द्यावी लागत नाही. एकूण पाच वर्षं होतात, एक वर्ष जास्त. पण दोन वर्षांनंतर हातात नोकरीलायक कागद असतो. सरकारी तंत्रनिकेतन लातूरला आहे, घरून येऊन-जाऊन करता येईल. मी याच वाटेने आलो, माझेही वडील अंगठेबहाद्दर होते. ज्या वर्षी ड्रॉप घेऊन घरी बसायचं, त्याच वर्षात डिप्लोमाचं अर्धं काम होतं.

रानवारा

डिप्लोमाचा मुद्दा मान्य. पण ड्रॉपला ‘घरी बसणं’ म्हणू नका, तेही वर्षच असतं अभ्यासाचं.

सुलभा_प

रानवारा, ज्या घरात अभ्यासाला वेगळी खोली आहे आणि मुलाला कामाला कुणी लावत नाही, तिथे ते अभ्यासाचं वर्ष असतं. आई रोजानं जाते त्या घरात बारावी झालेली मुलगी वर्षभर घरी असेल तर स्वयंपाक, पाणी, सुगीत कापणी, आणि भावकीतून येणारी स्थळं, हे सगळं तिच्याकडेच येतं. तुमच्या मावसभावाला जमलं म्हणून हिला जमेलच असं नाही. हुशारीत ती कमी नाही. तिला ते वर्ष अभ्यासाला मिळणारच नाही, म्हणून म्हणते. यंदा प्रवेश घेऊन बाहेर पडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेरणाकाठ

मॅडम, स्थळाचं तुम्ही लिहिलंत ते वाचून थांबले. निकालाच्या आठवड्यातच आत्याने एक आणलं होतं. वडिलांनी नाही म्हणून सांगितलं, पण पुढच्या वर्षी नाही म्हणतील का माहीत नाही. म्हणून ड्रॉप नको.

दुसरं विचारायचं होतं. जातीचा दाखला आहे. नॉन क्रिमिलेअर काढायला टाकलंय. पण व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, नाहीये. कॉलेजने अकरावीला फॉर्म भरून घेतो म्हणून सांगितलं आणि भरलाच नाही. आता समितीकडं अर्ज करायचा तर 1967 च्या आधीचा पुरावा मागतायत. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. आणि जे काही कागद पेटीत होते ते 1993 च्या भूकंपात घराबरोबर गेले. आमचं गाव पुनर्वसित आहे.

महाईसेवा_औसा

ताई, मी औशातच केंद्र चालवतो. हा प्रश्न फक्त तुमचा नाही, किल्लारीच्या आसपासच्या कितीतरी घरांचा आहे.

ओबीसीसाठी मानीव दिनांक 13 ऑक्टोबर 1967 आहे. त्याच्या आधीचा, वडिलांकडच्या नात्यातल्या कुणाचाही, ज्यात जात लिहिली आहे असा कागद हवा. लोकांना वाटतं शाळेचाच दाखला लागतो. ज्यांचे आजे-पणजे शाळेची पायरी चढलेच नाहीत त्यांनी कुठून आणायचा? त्यासाठी दुसरे कागद चालतात. गाव नमुना 14, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूची नोंद आणि जात असते. आजोबांच्या भावंडांपैकी कुणाचा जन्म किंवा पणजोबांचा मृत्यू त्यात सापडू शकतो. तुमचं घर पडलं तरी ही दप्तरं घरात नसतात, तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. नक्कल मिळण्याचा अर्ज करायचा. मराठवाड्यातली जुनी कागदपत्रं उर्दूत किंवा मोडीत असतात, त्यांचं भाषांतर करून जोडावं लागतं, त्याला घाबरू नका.

त्याहून सोपं म्हणजे, वडिलांच्या सख्ख्या-चुलत भावकीत कुणाकडे व्हॅलिडिटी आहे का ते आधी विचारा. चुलता, चुलत भाऊ चालतो, आत्येकडचं चालत नाही, पुरुषाकडून पुरुष अशी रक्ताच्या नात्याची साखळी हवी. तसं कुणी असेल तर त्याचं वैधता प्रमाणपत्र आणि वंशावळीचं शपथपत्र जोडलं की प्रकरण पुष्कळ हलकं होतं.

अर्ज आधी ऑनलाइन करायचा, मग बारावीच्या कॉलेजकडून शिफारसपत्र आणि शिक्का घ्यायचा, मग जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीत लातूरला दाखल करायचा. दाखल केल्याची पावती जपून ठेवा. पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्रासाठी मुदत वाढवून देण्याचे निर्णय मागे झालेले आहेत, पण त्यावर विसंबून राहू नका. मुदतीत व्हॅलिडिटी आली नाही तर ओबीसीची जागा जाते आणि ओपनमध्ये टाकतात.

नॉन क्रिमिलेअर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या सहीचं लागतं आणि ते प्रवेशानंतर येणाऱ्या 31 मार्चपर्यंत चालणारं असलं पाहिजे. जुनं असेल तर तारीख बघा. त्याला वडिलांचं तीन वर्षांचं उत्पन्न लागतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. हे सगळं केंद्रावर होतं, शासनाची फी ठरलेली आहे, जास्त मागितली तर पावती मागा.

मिलिंदचा_विद्यार्थी

सर्वांचं लिखाण वाचतो आहे. पोरी, मी तुझ्या आजोबांच्या वयाचा. परभणी जिल्ह्यातून 1974 साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात आलो. डॉ. बाबासाहेबांनी ते 1950 साली नागसेनवनात सुरू केलं, तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठही नव्हतं, ते 1958 साली झालं. आमच्या वर्गात ज्यांच्या घरात आधी कुणी शिकलेलं होतं अशी मुलं बोटावर मोजण्याइतकी. आम्ही सगळे पहिलेच. त्यामुळे फॉर्म कसा भरायचा, खिडकीवर काय बोलायचं, हे एकमेकांना सांगायची तिथे रीत होती. वरच्या वर्गातला मुलगा नव्या मुलाला कचेरीत घेऊन जायचा. साताऱ्याकडे भाऊराव पाटलांच्या रयतमध्ये कमवा आणि शिका होतं, तिथेही तेच.

आज माझी नातवंडं कॉलेजात आहेत आणि त्यांना काही विचारावं लागत नाही. त्यांच्या घरात दोन पिढ्यांचं ज्ञान पडून आहे. कोणती तारीख, कोणता दाखला, कोणत्या साहेबाला भेटायचं, हे त्यांना जेवताना ऐकून कळतं. तुला ते मिळालेलं नाही, आणि तुझे 78 हे त्याशिवायचे 78 आहेत. कोणत्याही गुणवत्ता यादीत हे लिहिलेलं नसतं, म्हणून मी इथे लिहून ठेवतो.

आता कामाचं. प्रवेश झाला की पहिल्या महिन्यातच दोन गोष्टी कर. एक, त्या जिल्ह्याच्या इतर मागास बहुजन कल्याण कार्यालयात जाऊन मुलींच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज. तिथे जागा नाही मिळाली तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजनेचा, त्यात राहण्या-जेवणाचे पैसे खात्यावर येतात. दोन, बँकेचं खातं तुझ्या नावाचं आणि आधारला जोडलेलं आहे ना ते बघ. महाडीबीटीचे, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचे, पैसे त्याशिवाय येत नाहीत. कचेरीत ‘उद्या या’ म्हणाले तर नाव आणि तारीख वहीत लिहून घे, त्यांच्यासमोरच.

पुणे_आयटी

डिप्लोमावाला आणि आजोबा, फी माफीचा आणि सरकारी भरतीचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. मग माझा सल्ला बदलतो. तेरणाकाठ, शाखा निवडताना कॉम्प्युटरचा हट्ट सोड. ईअँडटीसी आणि इलेक्ट्रिकलची मुलं आमच्याकडे सॉफ्टवेअरला भरपूर येतात. आम्ही प्रोग्रामिंग बघतो, शाखा फार कमी वेळा आड येते. कमकुवत कॉलेजातल्या कॉम्प्युटरपेक्षा बऱ्या कॉलेजातलं ईअँडटीसी घे. कॉलेज बरं की वाईट हे ब्रोशरवरून ठरवू नकोस. त्या शाखेला एनबीएचं (अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणारं राष्ट्रीय मंडळ) मानांकन आहे का, प्रयोगशाळा चालू असतात का, शिक्षक टिकतात का, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलींना हॉस्टेलच्या दारात विचार. त्या खरं सांगतात.

तेरणाकाठ

आजोबा, तुमचं लिहिलेलं घरी मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली परत वाच.

सगळ्यांना अपडेट. भावकीत विचारलं. वडिलांच्या चुलत चुलत्याचा मुलगा पोलीस भरतीत लागला होता, त्याची व्हॅलिडिटी झालेली आहे. आम्हाला हे माहीतच नव्हतं, त्यांचं आमचं बोलणं नव्हतं. वडील स्वतः गेले. त्यांनी झेरॉक्स दिली आणि शपथपत्रावर सही करायला येतो म्हणाले. महाईसेवा दादा, हे चालेल ना?

आणि ऑप्शन फॉर्मचं विचारायचं होतं. मैत्रीण म्हणते वर मोठी कॉलेजं टाकू नको, ती लागत नाहीत आणि मग खालची पण हातची जातात. खरं आहे का?

महाईसेवा_औसा

पुरुषाकडून पुरुष नातं आहे, चालायला हरकत नाही. वंशावळीत खापर पणजोबांपासून सगळी नावं उतरत्या क्रमाने लिहा, आडनाव आणि नावाचं स्पेलिंग त्यांच्या प्रमाणपत्राशी जुळतंय का तपासा. तुमच्या दाखल्यावर नाव एक आणि टीसीवर दुसरं असं असेल तर आत्ताच सांगा. समितीत प्रकरणं अडतात ती बहुतेक याच कारणाने. सोमवारी सकाळी लवकर या.

सुलभा_प

तुझ्या मैत्रिणीचा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. संगणक तुझी यादी वरून खाली वाचतो. पहिल्या ठिकाणी तुझा नंबर बसत नसेल तर दुसरं बघतो, मग तिसरं. वरचं न लागल्यामुळे खालचं जात नाही. 300 पर्यंत पर्याय भरता येतात. म्हणून ज्या क्रमाने तुला मनापासून हवं आहे त्या क्रमानेच लिही, ‘मला काय लागेल’ या क्रमाने नको. कमी गुणांची मुलं भीतीने आपणच आपली यादी छोटी करतात आणि तिथेच नुकसान होतं.

पण 2025-26 पासून एक नियम नवा आहे, तो नीट समजून घे. त्या वर्षी कॅपच्या तीनऐवजी चार फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत तुझा पहिला पर्याय लागला तर तो आपोआप पक्का होतो, पुढे जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही लागला तरी तेच. तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. चौथ्या फेरीत जे लागेल ते. म्हणजे वरच्या सहा जागा अशा हव्यात की लागल्या तर तुला रडू येणार नाही. उगाच कुणाचं ऐकून वर भरलेलं कॉलेज तुझ्या गळ्यात पडू शकतं. यादीतल्या पहिल्या सहांना पुरेसा वेळ दे, वडिलांबरोबर बसून, बसचं भाडं, हॉस्टेल, अंतर, सगळं धरून. त्याखालच्या जागा लागल्या तर स्वीकृती शुल्क भरून जागा धरून ठेवता येते आणि बेटरमेंट निवडून पुढच्या फेरीत चांगल्यासाठी थांबता येतं. पुढचं लागलं की मागची जागा आपोआप सुटते.

टीएफडब्ल्यूएसचे कोड, ज्यांच्या शेवटी टी असतो, ते तुला टाकायची गरज वाटत नाही. त्यात ट्यूशन फी माफ होते, पण जागा फक्त 5 टक्के, प्रवर्गाचं आरक्षण नाही, आणि कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षा वर जातो. तुझी ट्यूशन फी ओबीसी मुलगी म्हणून तशीही माफ होणार आहे. हे ओपनमधल्या गरीब मुलांसाठी मोलाचं आहे, तुझ्यासाठी नाही.

प्रत्येक कॉलेजच्या फीमध्ये ट्यूशनशिवाय विकास शुल्क वेगळं असतं. ते माफीत धरलेलं नाही. तेव्हा कॉलेजला फोन करून ‘ओबीसी मुलीला, कॅपमधून, प्रवेशाच्या दिवशी हातात किती रुपये लागतील’ असा सरळ प्रश्न विचार. उत्तर टाळलं तर त्या कॉलेजच्या नावापुढे खूण कर.

तेरणाकाठ

आज तीन कॉलेजांना फोन केले. दोघांनी आकडा सांगितला. एकानं ‘आधी या, मग बघू’ म्हणून सांगितलं, खूण केली.

एक शेवटचं. माझं सगळं मराठीतून झालंय. सायन्सची पुस्तकं इंग्रजी होती, पण शिकवायचे मराठीत. पहिल्या वर्षी सगळं इंग्रजीत असेल. वडिलांना हे सांगितलेलं नाही, पण मला मार्कांपेक्षा याचीच जास्त भीती वाटते.

डिप्लोमावाला

ती भीती खरी आहे आणि पहिल्या सत्रात ती चावते. माझ्या वर्गात जे गळाले त्यातले निम्मे गणितात नाही, न विचारण्यात गळाले. इंग्रजीत प्रश्न विचारता येत नाही म्हणून विचारलाच नाही. तू मराठीत विचार. लातूर-नांदेडच्या बहुतेक कॉलेजांत शिक्षक मराठीच आहेत, ते उत्तर देतात. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत करून ई-कुंभ पोर्टलवर फुकट ठेवली आहेत. मराठी पुस्तकात समजून घे, मग तेच प्रकरण इंग्रजीत वाच, आणि उत्तर लिहायचा सराव इंग्रजीतच कर, कारण पेपर त्याच भाषेत असतो. आधीची तयारी म्हणून सुट्टीत अकरावी-बारावीचं डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, मॅट्रिक्स परत कर. पहिल्या वर्षाचं एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, त्यावरच उभं आहे. तुझं गणित सरांवाचून राहिलं होतं, ते या दोन महिन्यांत भरून निघेल.

सुलभा_प

आणि पहिल्या वर्षी एखादा विषय राहिला तर लगेच कुणाच्या सांगण्यावरून कॉलेज सोडू नकोस. बॅकलॉग निघतात, माझ्या चांगल्या विद्यार्थ्यांचेही राहिलेत. फक्त हजेरी सोडू नकोस, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दरवर्षी महाडीबीटीवर करावं लागतं आणि त्याला हजेरी बघतात.

कागदपत्रांच्या तपासणीसाठी जवळच्या सुविधा केंद्रावर प्रत्यक्ष जा, ऑनलाइनच्या भरवशावर राहू नकोस. मूळ कागद, झेरॉक्सचे दोन संच, व्हॅलिडिटीची पावती. तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की स्वतःच्या नावापुढे ओबीसी लिहिलंय का आणि होम विद्यापीठ बरोबर आहे का बघ. काही चुकलं असेल तर हरकतींच्या दिवसांतच दुरुस्त होतं. पहिली सहा नावं इथे टाक, आपण सगळे मिळून बघू.

तेरणाकाठ

टाकते. वडील रविवारी मोंढा बंद असतो तेव्हा घरी असतात, त्यांच्याबरोबर बसून यादी करणार आहे. भाऊ चाकणहून व्हिडिओ कॉलवर येतो म्हणालाय.